तेरड्यातली भेसळ

आमच्या तुंगार्लीतल्या बाया अजून मला डिवचून इचारत्यात, "झुंबरे, त्या झाडवाल्या बाबाचं तू काय केलंस गं?" जसं काय मी त्याच्या चहात धोतरा घातला! आदी मी एकेकीच्या अंगावर धावून जायची. आता गप बसते. कारण खरं सांगायचं तर मी काय केलं ते माझं मलाच उमजलं न्हाई. ही जर्मनची लढाई लागायच्या तीन वर्सं आदीची गोष्ट हाये, पर त्याची आठवण निघाली की डोकं भणभणतं.

आदी मी कोण ते सांगते. नवरा, महिपती, गेला तवा मी तिशीच्या आत. पदरात पोर न्हाई. धरणाच्या खाली माझं दीड एकराचं खाचर, त्यात आंबेमोहर. माझं मी पिकवते अन् माझं मी खाते, कुणाच्या बापाला भीत न्हाई. पर एका कामासाठी समदं गाव माझ्या दारात येतं, पार सुदुंबऱ्याहून बी येत्यात. ते म्हंजी बियाणं. भात निसवला, लोंब्या बाहेर पडल्या, की मी खाचरात उतरते अन् भेसळ काढते. एखादं रोप उंच गेलं, एखाद्याला कुसळ आलं, एखाद्याचा दाणा जाडा दिसला, की उपटून बांधावर. माझ्या बियाण्यात तुमाला एक दाणा परका घावायचा न्हाई. हे मला सासूनं शिकवलं, तिला तिच्या सासूनं.

तर धरणाच्या वरल्या अंगाला पाद्र्यांचा एक बंगला हाये. मुंबईचे फादर लोक उन्हाळ्यात हवा खायला येत्यात, पाऊस लागला की परत जात्यात. त्या साली एक म्हातारा आला, तो पाऊस लागला तरी गेला न्हाई. नाव फादर लुट्झ. त्याचा देश बी डोंगराचाच म्हणे, पर बर्फाच्या. गावात त्याला कुणी नावानं हाक मारत न्हवतं, समदे झाडवाला बाबाच म्हणायचे.

बंगल्यावर इनास नावाचा गोव्याचा खानसामा व्हता. त्याच्या पोटात काय राहायचं न्हाई. त्यानंच मला समदं सांगितलं. बाबा मुंबईला त्यांच्या कालेजात झाडांचं शास्त्र शिकवायचा, तीस वर्सं. त्यानं वर्गात पोरांना सांगितलं का, झाडं अन् जनावरं देवानं आज हायेत तशी एकदम केली न्हाईत. एकातनं दुसरं, दुसऱ्यातनं तिसरं, असं लाखो वर्सं व्हत आलं. माणसाचं शरीर बी कदाचित तसंच झालं असंल, आत्मा तेवढा देवानं सोता घातला. आता हे पाद्र्यानं बोलावं? एका पोराचा बाप चिडला, त्यानं वर कागद लिहिला. मग त्यांच्या मोठ्या फादरांनी बाबाला बोलावलं अन् म्हणलं, दाखला काय?

"अन् ह्यानं काय दाखला दिलता ठावं हाये?" इनास म्हणला. "तुमच्या ह्या डोंगरावरचा तेरडा!"

खाली धरणाच्या काठाला तेरडा हुतो तो कमरेएवढा, रुंद पानांचा, गुलाबी मोठ्या फुलाचा. गौरीला आमी तोच आणतो. अन् वर माथ्यावर, कातळावर, दुसरा एक हुतो. टीचभर उंच, पान बारीक, फूल फिकट. बाबानं वर्गात ठोकून दिलतं का, हे दोन तेरडे एकाच आईची पोरं, अन् त्या चढणीवर दोघांच्या मधली रोपं घावतील. पर सोता कवा ती चढण चढून बघितली न्हवती. मोठे फादर म्हणले, मग जाऊन बघ. दसऱ्यापत्तुर मुदत. मधली रोपं न्हाई घावली तर लिहून दे की मी चुकलो, अन् दिवाळीला खुशाल परत वर्गात ये. घावली, अन् तू तुझंच म्हणणं धरून बसलास, तर वर्ग बंद. बोटीत बसून आपल्या देशाला जायचं.

"तितं त्याचं कोण हाये?" मी इचारलं.

"कोण असणार? तीस वर्सं हितं काढली. त्याचं समदं त्या वर्गातच हाये, बाय."

बाबाचा गुडघा कामातनं गेलता, त्याला चढण व्हईना. म्हणून इनासनं मला नेऊन उभं केलं. बाबा खुर्चीतनं उठला, हात जोडले अन् म्हणला, "आपणांस वनस्पतींचे उत्तम ज्ञान आहे असे ऐकतो."

मी इनासला म्हणलं, "ह्यो काय म्हणतोय?"

"तुला झाडं कळत्यात म्हणतोय."

"मग तसं म्हणावं की सरळ!"

बाबा मोठ्यानं हसला. पुढं माझ्यासंगं बोलून बोलून त्याचं मराठी जरा माणसात आलं.

काम असं. धरणाच्या काठापासनं माथ्यापत्तुर चढायचं, दर शंभर पावलांवर थांबायचं अन् तितली दहा रोपं मुळासकट उपटून पत्र्याच्या डब्यात घालायची. असे चाळीस टप्पे. मग बंगल्यावर येऊन एकेक रोप टिपकागदात पसरायचं, वर फळी, फळीवर धोंडे. रोज कागद बदलायचे. पावसात ते ओले कागद वाळायचे कुटं, तर इनासच्या चुलीवर. इनास रोज शिव्या घालायचा की माझ्या रश्श्याला तेरड्याचा वास येतो.

भर पावसाचं मी चढायची, डोक्यावर इरलं, पायाला जळवा. एकेका टप्प्यावर दहा रोपं जमवायला कवा कवा तास लागायचा. पर मी कामात कसूर केली न्हाई. माझ्या हातचं काम म्हणलं की कुणी बोट दाखवायचं काम न्हाई, आदीपासनं असंच.

दुपारी कागद बदलताना बाबा बोलायचा. मला बी बोलायला आवडायचं, पर त्याचं बोलणं ऐकून माझा पार घोळ व्हायचा. पहाटं उठून गुडघे टेकून देवाचं करणार, जेवायच्या आदी देवाचं नाव, झोपताना देवाचं नाव. अन् मग म्हणणार, देवानं तेरडा केला न्हाई!

"तसं नाही, झुंबरबाई," तो म्हणायचा. "देवानंच केला. पण मडकं करणारा कुंभार हुशार, का आपोआप मडकं होईल अशी माती करणारा कुंभार जास्त हुशार?"

"माती आपसूक मडकी करायला लागली तर कुंभाराच्या बायकोनं खायचं काय?"

तो हसता हसता खोकायला लागला. मी हसले न्हाई. मला खरंच कळंना.

एक दिवस मी त्याला धरलाच. म्हणलं, "बाबा, मला सरळ सांगा. म्हंजी कवातरी एक जनावराची मादी व्याली, अन् तिच्या पोटी पहिला माणूस आला. व्हय का?"

"शरीरापुरतं… कदाचित."

"त्या पोराला आत्मा?"

"हो. देवानं दिला."

"अन् त्याच्या आयेला न्हाई?"

बाबाच्या हातातला टिपकागद हातातच राह्यला.

"तिनं त्याला पाजलं असंल," मी म्हणलं. "चाटलं असंल, उराशी धरून झोपवलं असंल. अन् तो मेल्यावर देवाकडं जाणार अन् ती नुसती मातीत? हा कुठला न्याय म्हणायचा?"

बाबा म्हणला, "मला माहीत नाही."

मला त्याचा राग आला. एवढी पुस्तकं वाचलेला माणूस, त्यानं न्हाई सांगायचं तर कुणी सांगायचं? मग मी कवा कुणाला बोलले न्हवते ते बोलून गेले. माझी पोरगी सहा दिवसांची होऊन गेली. नाव बी ठिवलं न्हवतं. सासरची माणसं म्हणली, तिला मोजू नगं, झालीच न्हाई म्हण, म्हंजी पुढलं पोर जगंल. पुढलं झालंच न्हाई. मी बाबाला इचारलं, "तिला व्हता का आत्मा?"

"होता," तो झटदिशी म्हणला. "अख्खा. तुमच्यामाझ्याएवढा."

एकाला झटकन व्हय, अन् दुसऱ्याला माहीत न्हाई. आता तुमीच सांगा, ह्या माणसाचं मी काय समजायचं? पर त्या दिवशी कागद बदलताना मी रडत व्हते अन् तो बघितलं न बघितलं करत व्हता, एवढं खरं.

गौरी उठल्या अन् मोठे फादर मुंबईहून आले. मला वाटलं व्हतं कुणी उग्र, मिशाळ माणूस असंल. पर ते निघाले एकदम शांत. वीस वर्सं नगर जिल्ह्यात काढलेली, मराठी आमच्यासारखीच. बाबाच्या गुडघ्यासाठी तेल घेऊन आलते. त्या दोघांचं भांडण असंल म्हणून मी दाराआड कान देऊन बसले, तर दोघं शेजारी शेजारी बसून बिस्कुटं खात व्हते.

मोठ्या फादरांनी मला बोलावलं. मी आणलेल्या तेरड्याचं एक हिरवं बोंड तळहातावर घेतलं अन् बोटानं दाबलं. टचकन फुटलं, बी चौफेर उडालं. ते म्हणले, "बाई, हे बघा. बी लांब पडावं म्हणून ही एवढीशी कळ बसवलेली आहे. घड्याळात बसवतात तशी. ही कुणी विचार केल्याशिवाय बसली असेल?"

"न्हाई," मी म्हणलं. "कुणीतरी बसवलीच असणार."

"बघ लुट्झ, बाईंना कळतं."

बाबा म्हणला, "बसवली, कबूल. मी एवढंच म्हणतो की बसवायला त्यानं घाई केली नाही."

मला ते बी पटलं. हाच तर घोळ! एक बोलला की तो खरा, दुसरा बोलला की दुसरा खरा. अन् दोघं देव एकच म्हणत्यात, मिस्साची प्रार्थना एकच करत्यात. मग भांडताय कशाला, म्हणलं, तर मोठे फादर जरा गंभीर झाले.

"भांडण नाही, बाई. माणसाच्या शरीराबद्दल आमच्या चर्चनं दार पुरतं लावलेलं नाही, आणि उघडूनही ठेवलेलं नाही. अशा दारात वीस वर्षांच्या पोरांना नेऊन उभं करायचं नसतं. त्यातून न बघितलेला दाखला देऊन तर नाहीच." मग बाबाकडं वळून म्हणले, "खोटं लिही असं मी कधीच सांगणार नाही. जे दिसेल ते लिही. पण काय लिहिलंस तर काय होईल, ते मी तुझ्यापासून लपवलेलं नाही."

"नाही लपवलंस," बाबा म्हणला, अन् त्यानं दुसरं बिस्कुट उचललं.

दसऱ्याच्या आठ दिवस आदी बाबानं समदे कागद उघडले. चारशे रोपं. पडवीत, खोलीत, त्यांच्या प्रार्थनाघराच्या फरशीवर, ओळीनं मांडली. मी अन् इनास कडंला उभे. बाबा काठी टेकत ओळीतनं फिरला, वाकून वाकून बघितलं, भिंग लावलं, पानांची रुंदी मोजली. दिवस कलायला आला तरी जेवला न्हाई. मग खुर्चीत बसला.

"झुंबरबाई," तो म्हणला, "मी चुकलो."

"काय झालं?"

"मधलं काहीच नाही. विसाव्या टप्प्यापर्यंत सगळा खालचा, तिथून पुढं सगळा वरचा. अगदी भिंत घातल्यासारखं. दोन वेगळे तेरडे. वेगवेगळे केलेले."

मला तर लय आनंद झाला. म्हणलं, "मग बरंच झालं की! चला आता वर्गात!"

तो हसला. म्हणला, "हो. वर्गात." पर ते हसू असं व्हतं, जसं पोरगी सासरी पाठवल्यावर बापाचं असतं. मी म्हणलं असंल म्हाताऱ्याचा हट्ट, दोन दिवसांत निवंल. त्यानं कागद लिहिला की मी वर्गात चुकीचं सांगितलं, मागं घेतो. इनासनं तो लोणावळ्याला जाऊन टपालात टाकला अन् येताना मटण आणलं. म्हाताऱ्याला परत कालेज मिळालं म्हणून त्या दिवशी बंगल्यावर मेजवानी झाली. मला बी ताटभर दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या खाचरात व्हते. भात निसवलेला, मी भेसळ काढत व्हते. बघते तर बाबा काठी टेकत बांधावरनं येतोय. म्हणला, जायच्या आधी तुमचं शेत बघून जातो. मला बरं वाटलं. बांधावर पोतं टाकलं, त्याला बसवलं, अन् मी परत कामाला लागले.

"हे काय करता?"

"भेसळ काढते. हे बघा, ह्याला कुसळ हाये. माझ्या भातात असं नगं."

"आणि काढलेलं?"

"गुरांना. न्हायतर बांधावर कुजतं." अन् मग, काय बुद्धी झाली कुणास ठावं, मला वाटलं ह्याला बी कळू दे आपण काम कसं चोख करतो. म्हणलं, "तुमच्या तेरड्यातली न्हाई का मी काढली? तशीच. तुमाला एक तरी रोप भेसळीचं दिसलं का?"

मी मान वर केली. त्याचं तोंड असं झालतं की मला वाटलं ह्याला चक्कर आली.

"तेरड्यातली काय काढलीत, झुंबरबाई?"

"भेसळ! ना धड खालचा ना धड वरचा. पान रुंद पर फूल फिकं, न्हायतर पान बारीक अन् दांडा गुडघ्याएवढा. तसली घाण मी तुमच्या कागदात घालीन व्हय? दहा चांगली जमंस्तवर शोधायची मी. त्यालाच तर येळ लागायचा."

"किती होती तसली?"

"खाली अन् माथ्यावर एखाददुसरं. मधल्या टप्प्यात तर चांगलीच मिळंनात."

हे तोंडातनं निघालं अन् माझं मलाच समजलं. हातातलं रोप हातातच. हा माणूस चार महिने तीच घाण शोधत व्हता, मी ती उपटून उपटून दरीत फेकली, अन् त्यानं मी चुकलो म्हणून लिहून दिलं. मी चिखलातच खाली बसले.

बाबा रागावंल असं वाटलं. रागवायलाच पायजे व्हता! मी असते तर चामडी लोळवली असती. पर तो हसायला लागला. हसत हसत डोळे पुसायला लागला. "झुंबरबाई, झुंबरबाई," एवढंच. मग एकाएकी इचारलं, "तुम्ही तुमच्या सासूबाईंसारखंच भात निवडता? मग तुमच्या सासूच्या सासूचा भात आणि हा भात अगदी एक?"

"छ्या! सासू म्हणायची, तिच्या सासूच्या येळेला दाणा जाडा व्हता अन् वास कमी. निवडून निवडून ह्यो असा झाला."

"मग हा कुणी केला? देवानं का तुम्ही बायकांनी?"

"आता मला ते इचारू नका!" मी ओरडले. खरंच मला काय सुचंना. "तुमी मला आदी सांगा, आता काय करायचं? पुन्यांदा आणू का रोपं?"

तेरडा कुटं ऱ्हायला व्हता! बोंडं फुटून गेलती, रोपं पिवळी पडून झोपलेली. पुढल्या पावसाबिगर एक बी हाताला लागलं नसतं. अन् मुदत दसऱ्याची.

"मग जाऊ द्या," मी म्हणलं. "कुणाला काय कळतंय? तुमी जावा मुंबईला. माझ्या तोंडाला कुलूप."

"पण तुम्हाला आठवतं का, कुठल्या टप्प्यावर किती होती?"

हे त्यानं इचारायला नको व्हतं. मला न आठवायला काय झालं! मी हाताला लागलेलं रोप इसरत न्हाई. सांगायला लागले. हिरड्याखाली सहा, त्यातली दोन पानं रुंद. वाघजाईच्या दगडापाशी अकरा, फुलं फिकट पर दांडा जाड. ओढ्याच्या वळणावर चवदा. बाबानं खिशातली वही काढली अन् लिहायला लागला. मी सांगत गेले, तो लिहित गेला, मधी मधी इचारायचा, पान केवढं, देठाला लव व्हती का. मी बोटानं दाखवायची. ऊन डोक्यावर आलं तरी दोघांना भान न्हाई. चार महिन्यांत म्हातारा एवढा खुललेला मी बघितला न्हवता.

बंगल्यावर जाऊन त्यानं ते समदं एका कागदावर नीट उतरवलं अन् मला वाचून दाखवलं. मी झुंबरबाई, महिपतीची विधवा, राहणार तुंगार्ली, असं असं सांगते. खाली जागा सोडली, अन् शाईची गादी पुढं ठेवली.

"हे काय?"

"अंगठा. माझं एकट्याचं म्हणणं असेल तर ते म्हणतील, म्हाताऱ्यानं आपलं खरं करायला मनानं लिहिलं. आणि बरोबरच म्हणतील. साक्ष तुमची पाहिजे."

तवा माझं टाळकं ठिकाणावर आलं. "म्हंजी माझ्या अंगठ्यानं तुमचा वर्ग बंद?"

"हो."

"अन् बोट?"

"हो. पण जबरदस्ती नाही. अंगठा दिला नाहीत तर हा नुसता कागद आहे. पहिलं पत्र गेलेलं आहे. तुमच्या मनावर."

मी तरातरा सैपाकघरात गेले. इनासनं दारातनं समदं ऐकलंच व्हतं. त्यानं माझ्यापुढं हात जोडले. गोव्याचा माणूस, मला कवा सरळ बोलला न्हाई, त्यानं हात जोडले! "बाय, नको देऊ. सांग त्याला, गंमत केली म्हण. तो बोटीवरच मरेल. तुझं काय जातं? दोन रानटी झाडांसाठी?"

त्याचं समदं खरं व्हतं. दोन रानटी झाडं. त्यांच्या देवाचं अन् त्यांच्या दाराचं ते बघतील, मी हिंदूची बाई, मला काय त्याचं? मी मनाशी ठरवलं, जाऊन सांगायचं, बाबा, म्या खोटं सांगितलं, फुशारकी मारली, तसली रोपं न्हवतीच. मी तोंड उघडून पडवीत गेले. बाबा तसाच बसलेला.

"तुमाला काय पायजे?" मी इचारलं. "खरं सांगा. देवाचं नगं सांगू. तुमाला काय पायजे?"

तो म्हणला, "मला वर्गात जायचं आहे. फार." त्यानं कागदावर हात ठिवला. "पण तिथं जाऊन मी पोरांना काय सांगू? मधलं काही नव्हतंच म्हणून?"

मला त्याचा राग आला, माझा आला, त्या मोठ्या फादरांचा आला. कुणाला तरी धरून हाणावं वाटलं. तोंडातनं खोटं बाहेर काढायला गेले अन् निघंना. ती व्हती. माझ्या ह्या हातांनी मुळासकट उपटली. ओढ्याच्या वळणावर चवदा व्हती. न्हवतीच, असं मी कुठल्या तोंडानं म्हणू?

मी गादीवर अंगठा दाबला अन् कागदावर उठवला.

बाबानं वर टिपकागद धरला, उचलला, बघितलं. ठसा स्वच्छ आलता. त्याचा सारा चेहरा पोरासारखा झाला. "चारशे नाहीत, सहाशे सव्वीस," तो म्हणला. "सहाशे सव्वीस, झुंबरबाई! मधली दोनशे सव्वीस!"

"अवो, हसताय काय!" मी किंचाळले. "तुमी जाताय!"

"हो," तो म्हणला, "जातो आहे," अन् तो काठी घेऊन पेटी भरायला आत गेला. मी तितंच उभी, शाई लुगड्याला लागू नये म्हणून हात अंगापासनं लांब धरून. त्याला वाचवला का बुडवला, तेवढं तरी कुणी सांगावं म्हणून मी इनासकडं बघितलं, तर त्यानं मला आत येऊ दिलं न्हाई. सैपाकघराचं दार लावून घेतलं.